सिकलसेल : शिक्षकांनी ओळखावयाचा विकार

डहाणू व तलासरी तालुक्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही. सबब अशा मुलास वेगळे बसविण्याचे कारण नाही. रक्तातील निरोगी तांबडी पेशी वाटोळी व लवचिक असून सुमारे १२० दिवस जगते. या विकारात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, १० ते २० दिवसांत नष्ट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना उत्पन्न करते.

जे मूल हातापायांच्या दुखण्याने वारंवार गैरहजर राहते, लवकर थकते, ज्याचे डोळे पिवळसर दिसतात, त्यास आळशी समजून शिक्षा करू नये. त्याच्या रक्ताची तपासणी करवून घ्यावी. त्यास वर्गात केव्हाही पाणी पिण्याची मुभा असावी, थंडीत ऊब मिळावी आणि भर उन्हात कवाईत करावयास लावू नये. साधा भासणारा संसर्गही त्यास घातक ठरू शकतो. म्हणून ताप, छातीत कळ, धाप किंवा एकाएकी अशक्तपणा आल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात पोचवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे प्रसंग घटतात.

आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा निरोगी दिसतो. त्यामुळे विवाहापूर्वी तपासणी हाच खरा प्रतिबंध होय. याच हेतूने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा संदेश पाड्यापाड्यांत नेण्याचे कार्य प्राथमिक शिक्षकांइतके सहजपणे क्वचितच कोणास साधेल.