गुरुजी, ईस्टर का हलतो?

दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तेहतीस वर्षे मास्तरकी केली. खारपाणपट्ट्यातली गावे. जमीन काळीभोर, विहिरीचे पाणी मचूळ, शाळा दोन खोल्यांच्या. नव्वदच्या दशकात अशाच एका गावी आरोग्य उपकेंद्रावर एक ख्रिस्ती नर्सबाई बदलून आल्या. त्यांची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. गुड फ्रायडेची सुट्टी मी फळ्यावर लिहिली, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, नाताळ दरवर्षी पंचवीस तारखेलाच येते. मग ईस्टर का हलतो?"

मला उत्तर माहीत नव्हते. 'माहीत नाही, शोधून सांगतो' असे म्हणायला काय हरकत होती? पण चाळीस पोरांसमोर ते जमले नाही. "ते तुमच्या चर्चमध्ये विचार," असे म्हणून मी तिला खाली बसवले. वर्ग हसला. त्या मुलीने वर्षभर पुन्हा काही विचारले नाही. पुढे नर्सबाईंची बदली झाली आणि ती शाळा सोडून गेली.

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो २०१८ साली, आठ-नऊ हजार किलोमीटर लांब. माझी मुलगी आणि जावई दक्षिण ऑस्ट्रेलियात, अॅडलेडपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या बरोसा खोऱ्यात राहतात. द्राक्षाचा मुलूख. मी आणि सौभाग्यवती तिकडे चार महिने होतो. नात सहा वर्षांची, गावातल्या छोट्या ल्यूथरन प्राथमिक शाळेत जायची. ल्यूथरन हा शब्द मला पुस्तकापुरता ठाऊक होता. आमच्या अकोला-अमरावतीकडे ख्रिस्ती म्हटले की बहुधा अलायन्स मिशनची मंडळी. सातपुडा ओलांडून बैतूल-छिंदवाड्याकडे गेले की मात्र ल्यूथरन चर्च लागते. तिथे स्वीडनच्या मिशनऱ्यांनी काम केले.

ईस्टरच्या आठवड्यात शाळेने आजी-आजोबांना वर्गात बोलावले होते. गेलो, आणि दारातच ओळख पटली. पहिली-दुसरी एकाच खोलीत! बाई एका गटाला वाचायला लावून दुसऱ्याला गणित घालत होत्या. आपल्याकडे याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि दोन शिक्षकी शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचे काही नवल नसते. मी जन्मभर याला गरिबीचे लक्षण समजत आलो होतो. इथे पैशाला तोटा नव्हता. गाव लहान, मुले थोडी, म्हणून वर्ग एकत्र. दुसरीतली पोरे पहिलीतल्यांना शब्द सांगत होती. हेही अगदी आपल्यासारखे.

सकाळी बाईंनी मेणबत्ती लावली, मुले सतरंजीवर बसली, पाच मिनिटांची प्रार्थना झाली. वर्गातल्या सगळ्यांच्या घरी चर्च होते असे नाही. आज ऑस्ट्रेलियात ऐंशीच्या आसपास ल्यूथरन शाळा आहेत आणि त्यांत इतर घरांतली मुलेही पुष्कळ शिकतात. माझी नात हात जोडून बसली होती, घरी देवापुढे बसते तशीच.

मग मुलांनी आम्हाला 'ईस्टरची बाग' दाखवली. पत्र्याच्या तबकात माती, एका बाजूला दगडांची गुहा, तिच्या तोंडाशी एक गोटा, वर टेकडीवर काड्यांचे तीन क्रूस. भोवती गवताचे बी पेरलेले. म्हणजे दिवाळीतला किल्ला आणि नवरात्रातला घट एकाच ताटात! शुक्रवारी येशूला क्रुसावर दिले, गुहेत ठेवून तोंडाला धोंड लावली आणि रविवारी पहाटे बायका गेल्या तेव्हा धोंड बाजूला सरलेली, गुहा रिकामी. ही झाली ईस्टरची, पुनरुत्थानाची कथा. सुट्टीवरून परत आल्यावर मुले तो गोटा स्वतः बाजूला करतात. तोवर बी उगवलेले असते. व्याख्यान द्यावे लागत नाही.

जाताना प्रत्येकाला क्रुसाची खूण असलेला, मनुका घातलेला एक गोड बनपाव आणि चकचकीत कागदातले एक अंडे मिळाले. घरी पोचताच सौभाग्यवतींचा आवाज, "अहो, पोरीच्या हातात अंडं देलं ना शाळंनं!" अंडे चॉकलेटचे निघाले. चॉकलेटचा एक लांब कानांचा प्राणीही होता. तो ससा नव्हे, बिल्बी. युरोपात ईस्टर वसंतात येतो, म्हणून अंडी आणि ससे, नव्या जिवाची चिन्हे. ऑस्ट्रेलियात तेव्हा शरद ऋतू, पानगळ. आणि ससा म्हणजे पिकाचा वैरी. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून थोडे ससे आणून व्हिक्टोरियात सोडले. त्यांनी पुढे अर्धा देश कुरतडला. बिल्बी हा तिथला मूळचा, पिशवीवाला, आता विरळ झालेला प्राणी. सशाऐवजी त्याची आठवण राहावी म्हणून ही चॉकलेटे निघाली. रोही आणि रानडुकरांनी हरभरा लोळवलेला पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे लगेच कळते. रोह्याचे चॉकलेट काढले तर आमच्याकडे कोणी हात लावणार नाही.

रात्री नातीने विचारले, "आबाजी, ईस्टर दरवर्षी वेगळ्या दिवशी का येतो?"

या वेळी मी सामानातून कालनिर्णय काढले. गुड फ्रायडे ३० मार्च, हनुमान जयंती शनिवारी ३१ मार्च, ईस्टर रविवारी १ एप्रिल. चैत्री पौर्णिमेला लागूनच! हा योगायोग नाही. येशूला क्रुसावर दिले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि तो सण त्यांच्या निसान महिन्याच्या पौर्णिमेला धरून असतो. यहुदी पंचांग आपल्यासारखेच, महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात. ती तूट भरायला आपण अधिक मास धरतो, तेही जादा महिना धरतात. दोघांकडेही एकोणीस वर्षांत साधारण सातदा. म्हणून निसान आणि चैत्र बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात.

ख्रिस्ती मंडळींनी सण रविवारीच करायचे ठरवले. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे धर्मसभा भरली. तिथे सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर करावा असे ठरले. पुढे नियम रुळला तो असा: २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरा, आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो. (पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चे जुने जुलियन कॅलेंडर धरतात, म्हणून त्यांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळा पडतो.)

कधी कधी ईस्टर होळीपाठोपाठ येतो. २०१६ मध्ये आला, २०२४ मध्येही: २५ मार्चला धुळवड, ३१ ला ईस्टर. आदल्या वर्षी अधिक मास होऊन गेल्याने आपली फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चच्या पुढे सरकलेली असते. चर्च महिन्याचे नाव विचारत नाही, तारीख पाहते. आणखी एक गंमत. चर्चची पौर्णिमा आकाशातली नसते, शतकांपूर्वी मांडून ठेवलेल्या कोष्टकातली असते. २०१९ मध्ये २१ मार्चला पौर्णिमा असूनही ईस्टर एक महिना लांबला, कारण कोष्टकात ती एक दिवस आधी पडत होती. पंचांगांच्या मतभेदात वाढलेल्या आपल्याला यात काय नवे?

नातीला मी एवढेच सांगितले, "हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार. बहुतेक वेळा." तिने ते वहीत चित्र काढून लिहिले. इंग्रजीत. तिला मराठी बोलता येई, लिहिता येत नव्हते.

शाळेच्या त्या कार्यक्रमात माझ्याशेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. त्यांचे पूर्वज जर्मन. प्रशियाच्या राजाने, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने, ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड ही दोन्ही चर्चे एक करून उपासनेची नवी पद्धत लादली. ज्यांना ती मानवली नाही त्यांतले काही पास्टर काव्हेल यांच्याबरोबर १८३८ साली जहाजाने इथे आले. चर्च बांधले की शेजारी शाळा, ही त्यांची रीत. तिचे मूळ मार्टिन ल्यूथरपर्यंत जाते. धर्मग्रंथ प्रत्येकाला स्वतः वाचता यावा हा त्याचा आग्रह. नवा करार त्याने १५२२ मध्ये जर्मनमध्ये आणला आणि १५२४ मध्ये शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून मुलांसाठी, मुलींसाठीसुद्धा, शाळा काढा म्हणून बजावले.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन बोलणारे शेजारी शत्रू ठरले. १९१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ४९ ल्यूथरन शाळा बंद केल्या. गावांची नावेही पुसली; हानडॉर्फचे अॅम्बलसाइड झाले, जुने नाव १९३५ मध्ये परत मिळाले. आजोबांचे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. एका सकाळी शाळेला कुलूप. पुढे १९२० च्या दशकात शाळा पुन्हा सुरू होऊ लागल्या, पण जर्मन घरातून हळूहळू गेले. आजोबांना आता दहापर्यंत आकडे आणि जेवणाआधीची प्रार्थना एवढेच येत होते. त्यांनी ते आकडे मला म्हणून दाखवले.

मला माझी शेवटची शाळा आठवली. तिचा पट नऊवर आला होता. २०१७ च्या डिसेंबरात आपल्या राज्यात दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचे ठरले, तेव्हा ती त्यात गेली. ना युद्ध, ना शत्रू. पोरे बनोश्यातल्या, दर्यापुरातल्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत बसून जाऊ लागली होती, आणि त्यांच्या आईबापांना दोष द्यायचे तोंड मला नाही. माझी मुलगीही मी अमरावतीला इंग्रजी शाळेत घातली होती.

अॅडलेडमध्येच आणखी एक गोष्ट कळली. शूरमान आणि टायशलमान या दोन ल्यूथरन मिशनऱ्यांनी १८३९ मध्ये तिथल्या मूळच्या काऊर्ना लोकांच्या मुलांसाठी त्यांच्याच भाषेत शाळा चालवली आणि १८४० मध्ये त्या भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह छापला. १८४५ मध्ये ती शाळा सरकारने बंद केली. मुलांना इंग्रजीतच शिकवायचे धोरण आले. पुढे काऊर्ना बोलणारेच उरले नाहीत. १९९० नंतर त्यांच्या वंशजांनी भाषा पुन्हा उभी करायला घेतली ती त्या छापील पुस्तकाच्या आधाराने.

आपल्या देशातही पहिले ल्यूथरन मिशनरी शाळेतच शिरले होते. ९ जुलै १७०६ रोजी त्सीगनबाल्ग तरंगमबाडीला उतरला. ठाणे डॅनिश लोकांचे, पण भोवतालचे राज्य तंजावरच्या भोसल्यांचे, गादीवर शहाजी महाराज. त्सीगनबाल्गने एका तमिळ पंतोजीला आपल्या घरीच शाळा भरवायला लावली आणि पोरांबरोबर जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवली. म्हणजे आपली धुळाक्षरेच की! त्याच परंपरेतला श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या सरफोजीराजांचा पालक झाला. राजे हिंदूच राहिले. गुरू १७९८ मध्ये वारल्यावर त्यांनी त्याची संगमरवरी स्मृतिशिला फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून करवून चर्चमध्ये बसवली.

तर धुळाक्षरे. मुलीच्या घरामागे पोरांना खेळायला वाळूचा हौद होता. ईस्टरच्या सोमवारी, सुट्टीच होती, मी नातीला तिथे बसवले आणि 'ग'ने सुरुवात केली. तो काढायला सोपा. परतायच्या दिवसापर्यंत बाराखडी झाली. जोडाक्षरे फोनवर, दर शनिवारी. मध्ये दोन वर्षे तिने कंटाळून सोडूनही दिले होते.

२०२५ मध्ये हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला होती. मी आदल्या दिवशीच तिला फोनवर आठवण केली, "परवा तुमचा ईस्टर!" तेरा वर्षांची पोर हसली. थोड्या वेळाने मोबाइलवर तिचा मराठीत निरोप आला. ईस्टर परवा नाही, २० तारखेला आहे; चर्चच्या कोष्टकातली पौर्णिमा या वेळी रविवारीच पडते, आणि तसे झाले तर सण पुढच्या रविवारी जातो; 'आबाजी, तुम्ही मला अर्धाच नियम शिकवला.'

'पौर्णिमा'मधला 'णि' तिने दीर्घ काढला होता. तेवढा दुरुस्त करून मी निरोप परत पाठवला.