कबुलीची किंमत

पाठीमागे ठेवलेले खेळणे आवाजावरूनच ओळखायचे, वळून पाहायचे नाही, अशी ताकीद देऊन परीक्षक खोलीबाहेर गेला, की बहुतेक मुले चोरून पाहतातच, आणि पुढे पुष्कळजण साफ इन्कारही करतात. या इन्काराला दुष्टपणा समजणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्यामागे बहुधा निव्वळ भय असते. कांग ली, व्हिक्टोरिया तलवार व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जबाब घेण्यापूर्वी ३ ते ७ वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा लांडग्याची खोटी हूल उठवणाऱ्या मुलाच्या दुर्गतीचा परिणाम दिसला नाही. परंतु चेरीचे झाड तोडल्याचे कबूल करून वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या बाल जॉर्ज वॉशिंग्टनची आख्यायिका ऐकलेली मुले अधिक प्रमाणात खरे बोलली. जॉर्ज खोटे बोलतो व त्याचे दुष्परिणाम भोगतो, असा फेरफार करताच तो प्रभाव लोपला.