स्तन राखून कर्करोगावर शस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगाची गाठ लहान असतानाच सापडली, तर बहुतेक वेळा पूर्ण स्तन काढावा लागत नाही. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढतात, बाकीचा स्तन राखतात आणि जखम भरल्यावर त्यावर रेडिएशन देतात. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मिळून हा एकच उपचार आहे.

पूर्वी याच्या अगदी उलट चाले. बाल्टिमोरचे सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी हे सगळेच काढून टाकत. रोग मूळ जागेपासून कडेकडेने पसरत जातो, म्हणून जितके जास्त कापावे तितके बरे, अशी समजूत होती. हात कायमचा सुजला, छातीची हाडे दिसू लागली, तरी पाऊणशे वर्षे ही समजूत नीट तपासून पाहिली गेली नाही. वैद्यकातही प्रतिष्ठेचे वजन पुराव्यापेक्षा जास्त भरते, ते असे.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी वेगळा विचार मांडला. रोगपेशी सुरुवातीलाच रक्तातून दूर जाऊ शकत असतील, तर स्तन अधिक कापल्याने आयुष्य कसे वाढेल? १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकेत चाचणी सुरू केली. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांची चाचणी त्याआधीच, १९७३ पासून, सुरू होती. कोणत्या स्त्रीला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत होते. दोन्ही चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. अमेरिकेत रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला, घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांना.

काढलेल्या तुकड्याची वरची आणि बाहेरची बाजू ओळखता यावी म्हणून सर्जन त्याला लहान-मोठे टाके घालून ठेवतात. पॅथॉलॉजिस्ट त्याच्या पृष्ठभागाला शाई लावतात, मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईला टेकलेली एकही रोगपेशी दिसली नाही, तर कडा स्वच्छ. दिसली तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करून त्या बाजूचा आणखी भाग काढावा लागतो. काखेतही आता सरसकट सगळ्या ग्रंथी काढत नाहीत. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून रोग सर्वांत आधी पोहोचेल अशा एक-दोन ग्रंथी शोधतात आणि त्याच तपासतात.

रेडिएशन पूर्वी पाच-सहा आठवडे चाले; आता बहुतेकींचे तीन आठवड्यांत संपते. तरीही रेडिएशन केंद्र लांबच्या शहरात असेल, तर मुक्काम, रोजची ये-जा आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब करून अनेक स्त्रिया पूर्ण स्तन काढण्याचा पर्याय घेतात. हा हिशेब डॉक्टरांनी आधीच विचारात घ्यायला हवा.

सर्वांनाच हा उपचार लागू पडत नाही. रोग स्तनभर विखुरलेला असेल, छातीला पूर्वी रेडिएशन मिळालेले असेल किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, तर अडचण येते. गाठ मोठी असल्यास आधी केमो देऊन ती लहान करता येते. उपचारानंतर दरवर्षी मॅमोग्राफी करावी लागते. त्याच स्तनात रोग पुन्हा आढळला, तर सहसा पूर्ण स्तन काढतात, कारण तिथे दुसऱ्यांदा तेवढेच रेडिएशन देणे बहुधा शक्य नसते.