मोरकम आणि वाइझ : एका अपयशाची हकीकत

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर लँकॅशायर परगण्यांत मोरकम नांवाचें एक गांव आहे. तेथील समुद्राकांठच्या रस्त्यावर एका चष्मेवाल्या गृहस्थाचा पुतळा असून, एक पाय मागें उचलून व एक हात वर करून तो नाचण्याच्या पवित्र्यांत उभा आहे. १९९९ सालीं खुद्द एलिझाबेथ राणीनें त्याचें अनावरण केलें. पुतळे सामान्यतः सेनापतींचे, मुत्सद्द्यांचे किंवा दानशूर शेटजींचे असावयाचे. लोकांना हंसविणें हाच ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, अशा माणसाचा पुतळा पाहून परक्या प्रवाशास नवल वाटल्यास तें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे. हा पुतळा एरिक मोरकम याचा. अर्नी वाइझ हा त्याचा जोडीदार. या जोडगोळीनें इंग्लंडांतील घरोघरच्या दिवाणखान्यांत जें स्थान मिळविलें, तें फार थोड्यांच्या वांट्यास आलें आहे. परंतु ज्या दूरचित्रवाणीनें, म्हणजे बोलण्यांत आपण जिला टेलिव्हिजन म्हणतों तिनें, त्यांना हें वैभव दिलें, तिनेंच आरंभीं त्यांची अशी कांहीं फजिती केली होती कीं, दुसरा कोणी पुन्हां त्या वाटेस गेला नसता. ती हकीकत व तिच्यामागील कारणें वाचकांपुढें मांडावीं असें योजिलें आहे.

एरिकचें खरें नांव जॉन एरिक बार्थॉलोम्यू. तो १४ मे १९२६ रोजीं जन्मला. घरची स्थिति अगदीं सामान्य. अर्नीचें खरें नांव अर्नेस्ट वाइझमन. त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९२५ चा, लीड्सचा. त्याचा बाप रेल्वेंत नोकर होता, व संध्याकाळीं या चिमुकल्या मुलास बरोबर घेऊन कामगारांच्या क्लबांतून गाणीं आणि नकला करी. घरखर्चास तेवढाच हातभार. जॅक हिल्टन या प्रसिद्ध वाद्यवृंदप्रमुखाच्या बालकलाकारांच्या खेळांत या दोन मुलांची गांठ पडली. एरिकची आई सेडी मुलाबरोबर गांवोगांव हिंडत असे, आणि लौकरच ती अर्नीचाही सांभाळ करूं लागली. ते महायुद्धाचे दिवस होते. बाँबहल्ल्यांनीं कॉव्हेंट्री शहर उद्ध्वस्त झाल्यामुळें तेथील खेळासाठीं मंडळीस बर्मिंगहॅमहून रोज आगगाडीनें ये-जा करावी लागे. गाडींत हीं दोन पोरें एकमेकांच्या नकला करून इतका धुडगूस घालीत कीं, अखेर त्रासून सेडी म्हणाली, हा सगळा चावटपणा एखाद्या चांगल्या प्रवेशांत घाला, म्हणजे कांहीं उपयोग तरी होईल! ऑगस्ट १९४१ मध्यें लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहांत त्यांनीं जोडीनें पहिला प्रवेश केला. 'बार्थॉलोम्यू' हें लांबलचक नांव जाहिरातींत मावेना, म्हणून एरिकनें आपल्या गांवाचेंच नांव घेतलें. अर्नीनेंही तसेंच करावें अशी एक सूचना निघाली होती; पण 'मोरकम आणि लीड्स' हें जोडनांव रेल्वेच्या परतीच्या तिकिटासारखें वाटतें, म्हणून ती मागें पडली असें सांगतात.

पुढें अर्नी व्यापारी जहाजांवर गेला, एरिकला सरकारी हुकुमानें कोळशाच्या खाणींत उतरावें लागलें व हृदयाच्या दुखण्यामुळें तेथून त्याची सुटका झाली. युद्धानंतर दोघे पुन्हां एकत्र आले, आणि तेथून त्यांची खरी उमेदवारी सुरू झाली. त्या काळीं इंग्लंडांत प्रत्येक मोठ्या गांवीं 'व्हरायटी'चें एक नाट्यगृह असे. त्यांत एकाच रात्रीं गवई, जादूगार, कसरतपटू, विनोदी नट असे अनेक जण आपापला दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा सादर करीत. आठवडाभर एका गांवीं, पुढचा आठवडा दुसऱ्या गांवीं. ग्लासगोच्या एम्पायर नाट्यगृहाची तर इंग्रज विदूषकांना मोठी धास्ती असे. तेथें एकदां या दोघांचा प्रवेश संपला तरी सभागृहांत टाळी ना हंसूं, शांतता! पडद्याआड उभा असलेला आगीचा बंबवाला त्यांना म्हणाला, "तुम्ही त्यांना आवडूं लागलांत हो!" गोष्ट खरी कीं रचलेली, देव जाणे, पण ती सांगतांना दोघेही कधीं लाजले नाहींत.

या पद्धतीचा एक गुण वाचकांनीं ध्यानांत घ्यावा, कारण पुढील अनर्थाचें मूळ त्यांतच आहे. प्रत्येक आठवड्यास गांव नवें, म्हणून प्रेक्षकही नवे. एकच दहा मिनिटांचा प्रवेश नट वर्षानुवर्षें करूं शके, आणि रोज तोच करीत असल्यामुळें कोठें थांबावें, कोठें भुंवई उंचवावी, कोणता शब्द गाळावा, हें त्यास प्रेक्षकांच्या हंसण्यावरूनच कळत जाई. जात्याच्या तळीप्रमाणें तो प्रवेश झिजून गुळगुळीत होई. असें वर्षानुवर्षें घांसलेलें भांडवल टेलिव्हिजन एका रात्रींत खाऊन टाकतो. दुसऱ्या खेपेस त्यास नवें लागतें.

बी. बी. सी. नें १९३६ सालीं सुरू केलेली दूरचित्रवाणी युद्धकाळांत बंद होती व १९४६ मध्यें पुन्हां चालू झाली. जून १९५३ मधील राज्यारोहणाचा सोहळा घरीं बसून पाहतां यावा म्हणून असंख्य कुटुंबांनीं संच विकत घेतले. या नव्या प्रेक्षकांसाठीं करमणूक हवी होती. उत्तर इंग्लंडांत रेडिओवर नांव मिळविलेल्या या जोडीला करमणूक खात्याचे प्रमुख रॉनी वॉल्डमन यांनीं सहा कार्यक्रमांची मालिका देऊं केली. तिचें नांव 'रनिंग वाइल्ड'; पहिला कार्यक्रम २१ एप्रिल १९५४ रोजीं झाला. अर्नी अठ्ठावीस वर्षांचा होता, एरिक त्याहून कांहीं महिन्यांनीं लहान. इंग्लंडांत त्या वेळीं दूरचित्रवाणीची एकच वाहिनी असल्यामुळें, ज्याच्या घरीं संच तो प्रत्येक जण हेंच पाहणार होता. कार्यक्रम होत असतांनाच तो घरोघर दिसे. चुकलेलें कापून काढण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रें अक्षरशः तुटून पडलीं. त्यांतील एका रविवारच्या पत्राचा शेरा तर आजही लोकांच्या स्मरणांत आहे. टेलिव्हिजन संचाची व्याख्या काय, तर ज्या पेटींत मोरकम आणि वाइझ यांना पुरलें ती पेटी, असा त्याचा आशय होता. टीका निष्ठुर होती, परंतु विनोद म्हणून ती या दोघांच्या त्या आठवड्यांतील विनोदाहून सरस होती हें कबूल केलें पाहिजे! उरलेले कार्यक्रम रद्द करावे अशी विनंति त्यांनीं वॉल्डमन यांस केली. परंतु त्यांनीं ती मानली नाहीं. ज्या खेळाची हांसें होण्याऐवजीं हंसेंच झालें आहे, तो खेळ पुढें पांच वेळां हंसतमुखानें करून दाखविणें म्हणजे काय, याची कल्पना परीक्षेंत नापास होऊन त्याच वर्गांत पुन्हां बसणाऱ्या विद्यार्थ्यास थोडीशी करतां येईल.

असें कां झालें? नवीन विनोद पुरवावा म्हणून बी. बी. सी. नें लेखक नेमले होते. परंतु ते या जोडीसाठीं लिहीत नसून कोणत्याही दोन विदूषकांसाठीं लिहीत होते. दक्षिणेकडील लोकांस उत्तरेचा विनोद रुचणार नाहीं, ही भीतिही सर्वांच्या मनांत होती. पण माझ्या मतें सगळा दोष लेखकांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. रंगभूमीवर जें हंसूं येईल तें आपल्या बळावर मिळविण्याची ज्यांना संवय, त्यांनीं येथें मात्र 'हीं मोठीं माणसें, यांना अधिक कळतें' असें म्हणून मान खालीं घातली. न पटलेल्या शब्दास नाहीं म्हणण्याचें धैर्य त्यांना त्या वेळीं झालें नाहीं.

एरिकनें तें वर्तमानपत्राचें कात्रण कापून आपल्या पाकिटांत ठेवलें. दोघे पुन्हां नाट्यगृहांकडे वळले. १९५६ सालीं विनिफ्रेड ॲटवेल या पियानोवादक बाईच्या कार्यक्रमांत त्यांना लहान लहान प्रवेश मिळाले. या खेपेस लेखक होता जॉनी स्पाइट, आणि विनोद त्यांच्या अंगाला बसणारा होता. लोक हंसले. मग ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला. परंतु परत येऊन पाहतात तों घरोघरच्या संचांमुळें व्हरायटीचीं नाट्यगृहें एकामागून एक बंद पडत चाललेलीं! ज्या धंद्यानें त्यांना तारलें होतें तोच बुडत होता. आतां टेलिव्हिजनवांचून गति नव्हती.

१९६१ सालीं ए. टी. व्ही. या कंपनीच्या लू ग्रेड यांनीं त्यांना स्वतःच्या नांवाची मालिका दिली. सिड ग्रीन व डिक हिल्स हे लेखक ठरले. पहिल्या कांहीं प्रयोगांत जुनीच चूक होऊं लागली: प्रवेशांत पात्रांची एवढी गर्दी कीं, त्या गर्दींत एरिक आणि अर्नी हरवून जात. इतक्यांत एक विलक्षण योगायोग घडला. नोव्हेंबर १९६१ मध्यें नटांच्या 'इक्विटी' नांवाच्या संघानें खासगी दूरचित्रवाणीविरुद्ध संप पुकारला. तो पुढील वर्षाच्या एप्रिलपर्यंत चालला. मोरकम व वाइझ हे व्हरायटी कलावंतांच्या निराळ्या संघाचे सभासद असल्यामुळें त्यांना काम करण्यास आडकाठी नव्हती. पण त्यांच्याबरोबर काम करावयास दुसरा नट मिळेना. निरुपायानें ग्रीन आणि हिल्स या लेखकांनाच तोंडाला रंग लावून उभें राहावें लागलें. गर्दी आपोआप नाहींशी झाली. पडद्यापुढें दोघे जण उभे राहून भांडत आहेत, एक दुसऱ्याला शहाणपण शिकवीत आहे व दुसरा तें उलटें समजत आहे, एवढाच देखावा उरला. आणि तोच लोकांना हवा होता. इतरांच्या कामास कुलूप लावणारा संप या दोघांच्या नशिबाचें कुलूप उघडून गेला.

आणखी एक गोष्ट एरिकनें या काळांत हस्तगत केली. नाट्यगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत पोंचण्यासाठीं हावभाव मोठे करावे लागतात. कॅमेऱ्यापुढें तेच हावभाव आरडाओरड्यासारखे दिसतात. एरिकनें कॅमेऱ्यालाच तिसरा सोबती केलें. अर्नी कांहींतरी गंभीरपणें सांगत असतांना तो हळूच मान वळवून सरळ कॅमेऱ्यांत पाही. घरीं बसलेल्या प्रत्येकास वाटे, याला आपल्यालाच कांहीं सांगावयाचें आहे. दोन डिसेंबर १९६३ रोजीं बीटल्स ही जगप्रसिद्ध होऊं घातलेली गायकमंडळी त्यांच्या कार्यक्रमांत आली. तो भाग एप्रिल १९६४ मध्यें दाखविला गेला. साऱ्या इंग्लंडांतील पोरें ज्यांच्यासाठीं वेडीं झालीं होतीं, त्यांना एरिकनें मुळींच ओळख दाखविली नाहीं, आणि रिंगोला तो खुशाल 'बाँगो' म्हणून हांक मारीत राहिला. पाहुणा जितका मोठा तितका त्याचा पाणउतारा अधिक, हा पुढें त्यांचा नेमच होऊन बसला. ज्यांचा पाणउतारा व्हावयाचा, ते मात्र आमंत्रणाची वाट पाहत.

१९६८ सालीं ते रंगीत चित्रांच्या आशेनें बी. बी. सी. कडे परत गेले. चौदा वर्षांपूर्वीं ज्या दारांतून मान खालीं घालून बाहेर पडले होते, तेंच हें दार. त्याच वर्षीं एरिकला हृदयविकाराचा झटका आला; तो बरा होऊन कामावर आला तेव्हां नवा लेखक एडी ब्रेबन त्यांना मिळाला. पुढील दहा वर्षांची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. १९७७ च्या नाताळांतील त्यांचा कार्यक्रम एका मोजणीप्रमाणें २ कोटी ८० लाख, तर दुसऱ्या मोजणीप्रमाणें २ कोटी १० लाखांहून अधिक लोकांनीं पाहिला. मोजणाऱ्यांच्या या तंट्यांत न पडतां इतकें म्हणतां येईल कीं, त्या रात्रीं इंग्लंडांतील पुष्कळसे रस्ते ओस असले पाहिजेत.

२७ मे १९८४ रोजीं ट्यूक्सबरी येथील नाट्यगृहांत एक खेळ संपवून एरिक आंत आला आणि कोसळला. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यानें देह ठेवला. अर्नी १९९९ पर्यंत जगला. १९५४ सालचें तें कात्रण, तीस वर्षांत घडीवर घडी पडून जीर्ण झालेलें, एरिकनें शेवटपर्यंत आपल्या पाकिटांत बाळगलें होतें.