न मोजलेल्या कोप्या

दसरा-दिवाळी झाली कीं सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या आसपास कोप्यांच्या वस्त्या उभ्या राहतात. बीडसारख्या दुष्काळी भागांतून आलेलीं ऊसतोड्यांचीं कुटुंबें हंगाम संपेपर्यंत तेथें राहतात. त्यांचीं नांवें गांवाकडच्या यादींत. पाणी मात्र येथल्या विहिरीचें, ओढ्याचें. अशा वस्तींत पटकी शिरली, तर धोका किती कोप्यांना, हा पहिलाच प्रश्न अडतो. आजारी कोप्या दिसतात. निरोगी कोप्या कोणीं मोजलेल्याच नसतात.

या अडचणीवर एक तोड १९२६ सालींच निघालेली आहे. हिंदुस्थानांतील वैद्यकीय सेवेंत काम केलेले डॉक्टर मॅक्केंड्रिक यांनीं येथील एका खेड्याच्या पटकीचा तक्ता घेतला. (पुढच्याच वर्षीं कर्मॅक यांच्यासह त्यांनीं साथींचें प्रसिद्ध गणित मांडलें, आणि तें मुंबईच्या १९०५-०६ मधील प्लेगाशीं ताडून पाहिलें.) खेड्यांत घरें २२३. पैकीं १६८ घरांत एकही रोगी नाहीं. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरांत चार. एकूण रोगी ८६.

आतां या ८६ जणांच्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तर त्या ३६५५ होतात. रोग सर्व २२३ घरांवर केवळ योगायोगानें पडता, तर एकाच घरांतील जोड्या सुमारें १६ निघाल्या असत्या. प्रत्यक्षांत त्या ४० आहेत. ३६५५ ला ४० नीं भागिलें म्हणजे ९१ येतात. धोका तेवढ्याच घरांना होता. मॅक्केंड्रिक यांचें सूत्र किंचित् निराळें. त्यांनीं ९३ घरें धरलीं, आणि तर्क केला कीं गांवांत विहिरी अनेक असाव्यात व हीं ९३ घरें एकाच दूषित विहिरीचें पाणी पीत असावींत. म्हणजे १६८ निरोगी घरांपैकीं ३८ केवळ दैवानें वाचलीं!

मौज अशी कीं या भागाकारांत १६८ हा आकडा कोठें लागलाच नाहीं. उसाच्या फडावर नेमका तोच ठाऊक नसतो. आशा सेविकेनें कोपीगणिक रोगी तेवढे टिपले, तरी अंदाज निघूं शकतो. कांहीं रोगी इकडेतिकडे निसटले तरी फारसें बिघडत नाहीं. एकूण जोड्या व एकाच कोपींतील जोड्या सारख्याच प्रमाणांत घटतात.

बिघडतें तें दोन ठिकाणीं. दाटीच्या कोपींत एकाचा रोग दुसऱ्यास लागला, तर जोड्या वाढतात व उत्तर फसवें लहान येतें. आणि मुकादमाची उचल फिटायची आहे, खाडा परवडत नाहीं, म्हणून जी कोपी आजार झांकून सबंध कामावर जाते, ती हिशोबांतून सबंधच गळते. अशा कोप्या निम्म्या असल्या, तर उत्तरही निम्मेंच येतें.