टीबीच्या जंतूची अक्षरे आणि आपली औषधे

वस्तीत कुणाला टीबी निघाला की आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आमच्याच घरी का? आणि त्याच गोळ्या शेजारच्याला लागू पडल्या, मग आमच्या माणसाला का नाही?

पहिल्याचे उत्तर नशीब नाही की मागच्या जन्मीचे पाप नाही. टीबी जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ सालीच दाखवून दिले. कोंदट खोली आणि अपुरे अन्न त्याला वाट करून देतात. दुसऱ्याचे उत्तर बऱ्याचदा जंतूच्या जनुकांत असते.

जंतूची सगळी माहिती डीएनएच्या साखळीत चार अक्षरांत लिहिलेली असते. टीबीच्या जंतूची साखळी सुमारे ४४ लाख अक्षरांची आहे. ब्रिटन आणि फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी ती १९९८ साली पूर्ण वाचून प्रसिद्ध केली.

इतकी लांब साखळी यंत्राला सहसा एका दमात वाचता येत नाही. समजा, वंदनेच्या पुस्तिकेच्या शंभर प्रती कुणी वेगवेगळ्या जागी फाडल्या. एका चिठोऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो, तो धरून आपण पुस्तिका पुन्हा उभी करू शकतो. जंतूच्या डीएनएचेही तसेच तुकडे वाचतात आणि संगणक ते जुळवतो. अडचण येते ती सारख्या मजकुराची. त्रिशरणात शरणाची ओळ तीन वेळा येते. चिठोऱ्यावर ‘दुतियम्पि’ नसेल तर तो कुठला हे कळत नाही. टीबीच्या जंतूतही असे सारखे भाग बरेच आहेत. तिथे लांब तुकडे वाचणारी यंत्रे कामी येतात.

याचा आपल्याला उपयोग काय? रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध. जंतूच्या एका ठरावीक जनुकात एखादे अक्षर बदलले तरी ते निकामी होऊ शकते. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या तपासण्या त्याच जागेचा बदल शोधतात. सीबीनॅटचे यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. पूर्ण साखळी वाचली तर अनेक औषधांचा अंदाज एकदम येतो. पण त्यासाठी बहुधा जंतू आधी वाढवावे लागतात आणि टीबीचा जंतू वाढायला काही आठवडे घेतो.

गोळ्या मध्येच सोडल्या तर बदललेले जंतू उरतात आणि वाढतात. असा जंतू खोकल्यातून थेट दुसऱ्यालाही लागतो. म्हणून गोळी लागू पडली नाही की रोग्यालाच दोष देऊ नका.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. टीबी निघाला तर विचारा, “रिफाम्पिसिनची तपासणी झाली का?” हे विचारणे आपला हक्क आहे. औषध न जुमानणाऱ्या टीबीवरही वेगळी औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात; त्यासाठी बँक खात्याची नोंद करून घ्या.

कारण कळले की उपाय सापडतो. धम्मानेही आपल्याला हेच शिकवले आहे.