एक जीभ, पाच तारा

जबलपूरच्या कमानिया गेट परिसरात मिळणारी खव्याची जिलबी आपल्याकडच्या मैद्याच्या जिलबीसारखी केशरी आणि कुरकुरीत नसते. ती काळपट, जाडसर आणि मऊ असते. बडकुल हलवाई यांच्या घराण्याने १८८९ मध्ये ती प्रथम केली, असे शहरात सांगतात. ही गरमागरम जिलबी तोंडात टाकली की आधी चटका बसतो, मग खव्याचा मऊपणा कळतो, मग गोडी पसरते, जीभ तो घास इकडून तिकडे फिरवते आणि शेवटी घोट घशाखाली उतरतो. खाणाऱ्याला हा सगळा एकच अनुभव वाटतो. प्रत्यक्षात मात्र चटका एका मज्जातंतूने मेंदूला कळवलेला असतो, गोडी दुसऱ्याने आणि जीभ हलवली ती भलत्याच तिसऱ्याने!

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. डोळ्याने पाहण्यासाठी त्यांतली एक जोडी पुरते. बोटभर लांबीच्या जिभेला मात्र पाच लागतात: पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी. निसर्गाने इतका खटाटोप का केला असावा?

जोडकाम

याचे उत्तर आईच्या पोटात सापडते. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना जीभ वेगवेगळ्या ठिकाणच्या तुकड्यांनी जोडली जाते. पुढचा दोन तृतीयांश भाग ज्या उंचवट्यापासून होतो, त्याच उंचवट्यापासून जबडाही घडतो. मागचा एक तृतीयांश भाग घशाच्या बाजूने येतो. स्नायू तर मानेच्या मागच्या बाजूकडून, डोक्याच्या तळापासून सरकत येतात आणि येताना आपला मज्जातंतू बरोबर ओढत आणतात. जो तुकडा जिथला, त्याची तार तिथली. आरशात जीभ पूर्ण बाहेर काढून पाहिली तर फार मागे उलट्या 'व्ही'च्या आकारात मोठ्या दाण्यांची रांग असते. पुढचे आणि मागचे राज्य तिथेच एकमेकांना भिडते.

पुढच्या भागातला स्पर्श, उष्णता आणि वेदना पाचवा मज्जातंतू पोहोचवतो. दात, हिरड्या, गाल आणि ओठ यांची जाणीवही त्याच्याकडेच आहे. म्हणून खालची दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य जबड्याच्या मागे इंजेक्शन देतो तेव्हा दाढेबरोबर त्या बाजूचा अर्धा ओठ आणि बहुधा अर्धी जीभही बधिर होते. मिरचीचा तिखटपणासुद्धा याच खात्यात मोडतो. तिखट ही चव नसून उष्णतेची आणि वेदनेची जाणीव आहे. मिरचीतले द्रव्य मज्जातंतूच्या ज्या ग्राहकावर काम करते तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ठेचा खाऊन नाका-डोळ्यांतून पाणी येते, पण गुलाबजाम खाऊन येत नाही, ते याचमुळे.

गोड, आंबट, खारट, कडू आणि १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी ओळखलेली 'उमामी' या खऱ्या चवी. जिभेच्या शेंड्यावर गोड आणि मागे कडू असा नकाशा अनेकांनी शाळेत काढलेला असेल. तो चुकीचा आहे. १९०१ च्या एका जर्मन निबंधातल्या किरकोळ फरकांचा पुढे भलताच अर्थ लावला गेला. स्वादकलिका जिथे आहेत तिथे सर्व चवी कळतात.

चवीचा वळसा

पुढच्या भागाची चव नेणाऱ्या तंतूची वाट विलक्षण आहे. 'कॉर्डा टिंपनी' नावाचा हा बारीक धागा सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा आहे. जिभेपासून तो आधी पाचव्याच्या शाखेचा हात धरून मागे जातो, मग तिला सोडून कानात शिरतो, पडद्याच्या आतल्या बाजूने दोन इवल्या हाडांमधून पार होतो आणि तेव्हा कुठे चेहऱ्याच्या मज्जातंतूला मिळतो. जिलबीची गोडी मेंदूकडे जाते ती कानातून! म्हणून कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव येते. चेहऱ्याचा लकवा होऊन तोंड वाकडे झालेल्या माणसाची कधी कधी त्याच बाजूची चवही जाते. तोंडाला पाणी सुटते त्यातही या धाग्याचा हात आहे, कारण जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथींचे हुकूम त्यातूनच येतात.

मागच्या एक तृतीयांश भागात असे वाटे नाहीत. तिथली चव आणि स्पर्श दोन्ही नवव्याकडे आहेत. अगदी मुळाशी, स्वरयंत्राच्या झाकणाजवळ, दहाव्याची हद्द सुरू होते. डॉक्टर 'आ' करायला सांगतात तेव्हा पडजीभ सरळ वर उचलली जाते का, हे पाहून या दहाव्याचीच परीक्षा घेतात.

बारावा फक्त हालचालीचा. एखाद्याच्या जिभेला हाड नाही असे आपण रागाने म्हणतो, पण हाड कुणाच्याच जिभेला नसते. स्नायूंच्या आठ जोड्या हत्तीच्या सोंडेप्रमाणे एकमेकींच्या आधाराने तिला वळवतात. यांतली एक जोडी दहाव्याकडे आहे, बाकी साती बाराव्याच्या ताब्यात. एका बाजूचा बारावा दुबळा झाला की बाहेर काढलेली जीभ त्याच दुबळ्या बाजूला झुकते, कारण निरोगी बाजू तिला पलीकडे ढकलते.

कान दुखतो, पण दोष जिभेचा

या गुंतागुंतीचा एक धोका मात्र सर्वांनी माहीत करून घ्यावा असा आहे. पाचवा, नववा आणि दहावा या तिघांच्याही फांद्या कानाकडे जातात. जिभेला किंवा घशाला काही झाले तर मेंदूची फसगत होते आणि दुखणे कानात जाणवते. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले आणि आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, सिवनी, नरसिंहपूर अशा आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण तिथे येतात. अशा मोठ्या रुग्णालयांत कान, नाक आणि घसा यांचा विभाग एकच असतो, तो उगाच नव्हे. कान ठणकतो पण पडदा स्वच्छ दिसतो, अशा प्रौढ रुग्णाचे तोंड आणि घसा तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. रुग्ण मात्र अनेकदा कानात थेंब घालत महिने काढतो आणि जिभेच्या कडेचा व्रण तोवर वाढत राहतो.

जबलपूर काय आणि आपला विदर्भ काय, तंबाखू आणि सुपारीची सवय या भागात खोल रुजलेली आहे. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही. पण बंदीनंतर पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकली जाऊ लागली. घेणारा त्या दोन्ही घेतो आणि तोंडात एक करतो. ज्या बंदीला दोन पुड्या हरवतात तिला काय म्हणावे?

नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला कर्करोगकारक ठरवले. सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू कडक, पांढरट होते. या विकाराची नोंद १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातले रुग्ण नोंदवले. सुरुवातीला साधी भाजीही झोंबू लागते. पुढे तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसत नसतील, तर दंतवैद्याला दाखवायला हवे.

सवय नसलेल्यांनीही महिन्यातून एकदा भरपूर उजेडात आरसा घ्यावा. स्वच्छ कापडाने जिभेचा शेंडा धरून तिच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि गालांची आतली बाजू पाहावी. तोंड येते तेव्हाचे फोड खूप दुखतात आणि बहुधा दोन आठवड्यांत बरे होतात. घाबरायचे ते न दुखणाऱ्या व्रणाला. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दाढ काढलेली नसताना बधिर झालेला खालचा ओठ, बोलताना अडखळू लागलेली जीभ किंवा कारण न सापडणारी एका कानाची ठणक, यांपैकी काहीही असले तरी घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

तुकडा काढून तपासायचा म्हटले की घरातले वडीलधारे धास्तावतात, तुकडा काढल्याने रोग पसरतो अशी त्यांची समजूत असते. तसे होत नाही. जागा बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. बधिरपणा उतरेपर्यंत दोन-तीन तास गरम काही खायचे नाही, कारण तेवढा वेळ चटका बसल्याचे जिभेला कळत नाही.